नावावर नसलेली स्कूटर

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे.)

आज किल्ला नाही, लढाई नाही, ताम्रपटही नाही. आज एका स्कूटरचा इतिहास सांगणार आहे. हसू नका. या एका स्कूटरच्या मागे लागलो आणि गेल्या शंभर वर्षांतले कायदे, परवाना-राज, राज्यांच्या सीमा, जिल्ह्याचं विभाजन असं सगळं एकामागून एक समोर येत गेलं.

आधी जागा सांगतो. प्रतापगड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे साताऱ्याचा प्रतापगड येतो, अफझलखान येतो. मी बोलतोय तो प्रतापगड गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. डोंगर आहे, जुन्या गडाच्या खुणा आहेत, महादेवाचं देवस्थान आहे आणि ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते आणि लोक दोन्हीकडे माथा टेकून खाली उतरतात. जवळच गोठणगाव, गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, १९७२ मध्ये वसलेली नॉरगेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत. धानाचा मुलूख. झाडीपट्टी म्हणतात आमच्या भागाला.

तर या प्रतापगडात आमच्या घराच्या सपरीत एक 'प्रिया' स्कूटर उभी आहे. आणि गंमत बघा, ही प्रिया बनली कुठे? साताऱ्यात! म्हणजे त्या प्रतापगडाच्या जिल्ह्यातून निघून ती या प्रतापगडात आली. बाबांनी ती १९८८ मध्ये जुनी म्हणून विकत घेतली आणि २०११ पर्यंत चालवली. शाळेत जायला, धानाच्या बांधीवर जायला, आजारी माणसाला अर्जुनीच्या दवाखान्यात न्यायला तीच. २०१९ मध्ये बाबा गेले. मागच्या वर्षी माझा भाचा म्हणाला, "मामा, ही सुरू करू ना. मी यात्रेत फिरवतो." मी म्हटलं, कर. मेकॅनिकने कार्ब्युरेटर उघडला, पॉइंट घासले, प्लग बदलला आणि चौदा वर्षांनी ती धडधडली. आई दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, नुसती ऐकत राहिली.

मग मी विचारलं, "आरसी बुक कुठे आहे?"

आई म्हणाली, "उधईने खाल्लं."

"आणि गाडी बाबांच्या नावावर होती ना?"

यावर आई गप्प. आणि खरं म्हणजे आजचा भाग या गप्प बसण्याबद्दल आहे.

'नावावर करणे' म्हणजे काय?

मराठीत आपण गाडी 'विकत घेतो' आणि मग 'नावावर करतो'. दोन वेगळी क्रियापदं आहेत. भाषेला हा फरक बरोबर कळलेला आहे, माणसं मात्र विसरतात.

वस्तुविक्रीचा कायदा आहे १९३० चा. जंगम वस्तूची मालकी केव्हा बदलते? त्या कायद्याप्रमाणे, देणाऱ्या-घेणाऱ्याच्या मनात ती जेव्हा बदलायची असते तेव्हा. पैसे दिले, किल्ली हातात आली, व्यवहार झाला. या हिशेबाने १९८८ च्या त्या दिवशी स्कूटर बाबांची झाली. पण मोटार वाहन कायदा म्हणतो, मालक म्हणजे ज्याच्या नावाने वाहन नोंदलेलं आहे तो. म्हणजे एकाच स्कूटरचे दोन मालक. एक सपरीतला, एक कागदावरचा. आमच्या घरात हे दोघं तब्बल ३७ वर्षं एकमेकांना न भेटता नांदले.

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा झाला असं नाही. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढंच. वाद झाला तर निकाल दिवाणी न्यायालयात लागतो. आरसीचंही मूळ असंच आहे. ती मालकी ठरवायला जन्मली नाही. रस्त्यावर गाडीने कुणाला उडवलं तर कुणाला पकडायचं आणि कर कुणाकडून घ्यायचा, यासाठी ती जन्मली.

पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये आदेश काढला की मोटारीवर मालकाचं नाव, पत्ता आणि क्रमांक असलेली पाटी हवी. इंग्लंडमध्ये १९०३ चा मोटार कार कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून क्रमांक सक्तीचे झाले. तिथे आजही वाहनाच्या लॉगबुकवर स्पष्ट लिहिलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही, यात फक्त नोंदणीकृत 'सांभाळकर्त्या'चं नाव आहे. अमेरिकेत उलट. तिथे मालकीचा कागद वेगळा आणि नोंदणी वेगळी. या मालकीच्या कागदाला ते 'टायटल' म्हणतात. तो हरवला की जुन्या गाडीचे हाल. त्यातून पळवाट निघाली होती. व्हरमाँट नावाचं एक छोटं राज्य १५ वर्षांवरच्या गाड्यांना टायटलशिवाय नोंदणी देत असे, तीही टपालाने आणि बाहेरच्या राज्यातल्या लोकांनाही. देशभरातल्या कोठारांमधल्या जुन्या स्कूटरी आणि मोटरसायकली व्हरमाँटच्या कागदावर जिवंत झाल्या. २०२३ मध्ये ते दारही बाहेरच्यांसाठी जवळजवळ बंद झालं.

आपल्याकडे टायटल नाही. आपल्याकडे आहे ती एकच आरसी. तिच्याकडूनच आपण दोन्ही कामं करून घेतो.

कागद कुठून आला

देशभरासाठी पहिला मोटार कायदा १९१४ चा. मग १९३९ चा मोठा कायदा आला. क्रमांकाच्या सुरुवातीला कुठल्या प्रांताने कोणती अक्षरं वापरायची हे त्याच्या परिशिष्टात ठरवून दिलं होतं. आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर, अक्षरं सी-पी. १९५० पासून तो मध्य प्रदेशात मोजला जाऊ लागला. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि शेजारचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला. माणूस एकाच दारात उभा, पण पत्त्याचा उत्तरार्ध चार वेळा बदलला.

आणि क्रमांक? आज आपण ज्याला एम-एच आणि जिल्ह्याचा आकडा म्हणतो, म्हणजे गोंदियाचा ३५, भंडाऱ्याचा ३६, नागपूरचा ३१, ती पद्धत १९८८ च्या कायद्याबरोबर आली. तो कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे. आमच्या प्रियावर असाच तीन अक्षरी क्रमांक आहे. काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगाने हाताने रंगवलेला. रंगाऱ्याचं अक्षर इतकं सुरेख आहे की पाटी बदलायचं जिवावर येतं.

प्रियाची गोष्ट

आता जरा स्कूटरकडे येऊ, कारण कागद का नव्हता याचं उत्तर तिथे आहे.

इटलीत पियाजिओने १९४६ मध्ये व्हेस्पा आणली, तर इनोचेंतीने १९४७ मध्ये लॅम्ब्रेटा. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लॅम्ब्रेटा जोडू लागली. बजाजने आधी आयात करून विकल्या, मग १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पियाजिओच्या सहकार्याने व्हेस्पा १५० इथे बनू लागली. १९७१ मध्ये करार संपला. १९७२ मध्ये चेतक आली. १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. कारखाना साताऱ्यात आणि स्कूटरचं नाव प्रिया. डौल तोच, व्हेस्पाचाच.

स्कूटर मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. किती बनवायच्या हे परवान्यावर ठरायचं आणि विक्रीवरही सरकारी नियंत्रण होतं. स्कूटर वितरण आणि विक्री नियंत्रण आदेश १९६० चा. नाव नोंदवायचं, अनामत पोस्टात ठेवायची आणि 'नंबर लागण्याची' वाट बघायची. बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षं थांबलेले लोक आहेत. मुलगी दहावीला असताना बापाने नंबर लावायचा म्हणजे लग्नापर्यंत हाती येईल, कारण हुंड्यात स्कूटर मागायची रीत पडली होती. हे वाईटच, पण त्या काळच्या हिशेबात हेही होतं.

जिथे रांग असते तिथे 'ऑन' असतो. ज्याचा नंबर लागला त्याला गाडी नको असली तरी तो ती सोडत नसे. घ्यायची आणि वरच्या भावाने दुसऱ्याला द्यायची. असा व्यवहार कागदावर कोण आणणार? गाडी एकाकडे आणि नाव दुसऱ्याचं ही सवय तिथून आपल्या अंगवळणी पडली. सही केलेले कोरे फॉर्म आणि आरसी बुक गाडीबरोबर हातोहात फिरायचं. घेणारा म्हणायचा, "करू नंतर नावावर." विकणारा म्हणायचा, "काही घाई नाही." मी कितीतरी जुन्या लोकांशी बोललो. एकालाही यात काही वावगं वाटत नव्हतं. आणि नावावर करायचं म्हटलं तर आमच्या गावाहून जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे एसटीने अख्खा दिवस. तो दिवस काही उजाडला नाही.

आमच्या प्रियाची पहिली नोंद १९८१ ची. घेतली होती पाटबंधारे खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने, ते इटियाडोहच्या कामावर होते. १९८८ मध्ये त्यांची बदली झाली. सामान ट्रकने गेलं आणि स्कूटर बाबांना साडेचार हजारांत दिली. रोख. पावती नाही. त्यांनी दोन फॉर्मवर सह्या केल्या, बाबांनी ते ट्रंकेत ठेवले. पुढे त्याच ट्रंकेला उधई लागली.

न केलेल्या सहीची किंमत

आता इथे थांबून एक गोष्ट नीट सांगतो, कारण आम्ही सगळ्यांनी जुन्या गाडीच्या कागदाकडे 'कटकट' म्हणून बघितलंय.

२०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. एका माणसाने गाडी विकली. घेणाऱ्याने पुढे विकली, त्याने आणखी पुढे. नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. अपघात झाला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, ज्याच्या नावावर नोंद आहे त्याने. कारण अपघातग्रस्ताने गाडी कितव्या हातात आहे हे शोधत बसायचं नसतं. कायद्यासमोर मालक एकच, नोंदवहीतला.

हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बाबा सज्जन माणूस. उधारीचा एक रुपया ठेवला नाही कुणाचा. पण १९८८ ते २०११ अशी २३ वर्षं ते दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवत होते. त्यातही १९८८ च्या कायद्याने खाजगी वाहनाच्या नोंदणीला १५ वर्षांची मुदत घातली, तीही जुन्या-नव्या सगळ्या गाड्यांना. म्हणजे १९९६ नंतर नोंदणीची मुदत संपलेलीच. विमा? त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा या देशात १९४६ पासून सक्तीचा आहे. आमच्याकडे शेवटची विम्याची पावती सापडली ती १९९० ची. या २३ वर्षांत एखादं पोर आडवं आलं असतं, एखादी म्हातारी धडकली असती, तर नोटीस गेली असती ती कुठेतरी दूर राहणाऱ्या निवृत्त कर्मचाऱ्याला. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने बाबांवर विश्वास ठेवला.

मग मी ठरवलं, ही स्कूटर विकायची नाही आणि भंगारातही द्यायची नाही. हिचा कागद करायचा. भाच्याच्या हौसेसाठी कमी, त्या माणसाच्या डोक्यावरून हे ओझं उतरवायचं म्हणून जास्त.

कागद कसा केला

आता कामाचं. कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर लिहून घ्या. क्रम कार्यालयागणिक थोडा मागेपुढे होतो, पण तर्क हाच.

पहिली गोष्ट, गाडी वाचायची. इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं की सांगाड्याच्या पत्र्यावर चेसिस क्रमांक ठोकलेला असतो आणि इंजिनावर इंजिन क्रमांक. आमच्याकडे दोन्हींवर चाळीस वर्षांचा चिखल, तेल आणि रंगाचे थर. रॉकेल आणि जुना टूथब्रश. पॉलिश पेपर लावायचा नाही, ग्राइंडर तर मुळीच नाही. क्रमांक पुसट झाला तरी तो हाताने परत ठोकायचा नाही, तो गुन्हा आहे. साफ झाल्यावर वर कागद धरून पेन्सिल घासायची. ठसा उठतो. लहानपणी नाण्यांचे उठवायचो तसा. शिलालेखाचा ठसा घेतात तेही याच तत्त्वाने. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आयुष्यात एकदा हे काम स्वतःच्या सपरीत करायला मिळालं.

दुसरी गोष्ट, गाडी चोरीची नाही ना हे बघायचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' नावाची सोय आहे. तिथे क्रमांक टाकून चोरीच्या नोंदींशी ताडून बघता येतं. आपली खात्री असली तरी करा. हातोहात फिरलेल्या गाडीबद्दल आपली खात्री म्हणजे शेवटच्या माणसाचा शब्द.

तिसरी गोष्ट, नोंद शोधायची. आज सगळं 'वाहन' या संगणक प्रणालीवर आहे. पण १९८१ ची नोंद तिथे असेलच असं नाही. जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या जाड वह्यांमध्ये आहेत आणि वहीतून संगणकात आणण्याला कार्यालयीन भाषेत 'बॅकलॉग' म्हणतात. आमची नोंद संगणकावर नव्हती. वहीत होती. निळी शाई, तिरकं अक्षर. नाव, पत्ता 'पाटबंधारे वसाहत, गोठणगाव', चेसिस क्रमांक. माझ्या पेन्सिलच्या ठशातला आकडा आणि वहीतला आकडा एकच निघाला. खोटं नाही सांगत, ताम्रपट वाचल्याचा आनंद झाला.

चौथी गोष्ट, आणि सगळ्यात अवघड. तो माणूस. कारण आरसी हरवली तर दुय्यम प्रत मागायचा अधिकार कुणाला? नोंदणीकृत मालकाला. पोलिसांत गहाळ झाल्याची खबर द्यायची आणि नमुना २६ भरायचा. मग विक्रीची सूचना नमुना २९, हस्तांतरणाचा अर्ज नमुना ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं, हा नियम १९३९ च्या कायद्यातही होता आणि आजही आहे. आम्हाला ३७ वर्षांचा उशीर झाला होता. दंड भरावा लागतो, तो भरायचा. पण सही तर त्याचीच हवी. पूर्वीसारखे सह्या केलेले कोरे फॉर्म आता चालत नाहीत, विकणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो.

गोठणगावात एक म्हातारे आजोबा भेटले, धरणाच्या कामावर होते. नाव सांगताच म्हणाले, "अगा, ते तर खानदेशातले. जळगावकडचे. सुटीहून आले का केळी आणायचे." एवढ्या धाग्यावर, जुन्या सहकाऱ्यांना फोन करत करत दीड महिन्याने त्यांच्या मुलीपर्यंत पोचलो. ते स्वतः २००६ मध्ये गेले होते.

मी फोनवर सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं ती गाडी आमच्या आबांच्याच नावावर होती? आणि काही झालं असतं तर?"

मी म्हटलं, "तर तुमच्या दारात आलं असतं, ताई. म्हणूनच फोन केला."

मला वाटलं, आता रागावतील. त्यांना तो हक्कच होता. त्या म्हणाल्या, "आबा त्या स्कूटरबद्दल फार बोलायचे हो. नंबर लागायला सात वर्षं लागली होती. अजून चालते ती?"

मी फोन सपरीत नेला आणि किक मारली.

वारस, तपासणी आणि नवी पाटी

नोंदणीकृत मालक वारला तर वारसाने ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वाहन आपल्या नावावर घ्यायचं, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे. म्हणजे मधली पायरी गाळून गाडी थेट आमच्या नावावर येत नव्हती. आधी मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, बाकीच्या भावंडांची ना-हरकत, मग गाडी त्या ताईंच्या नावावर. त्यानंतर त्यांच्याकडून माझ्या आईच्या नावावर. ज्या माणसाने १९८८ मध्ये गाडी विकली, त्याच्या मुलीने तीच गाडी पुन्हा एकदा विकली, या वेळी कागदावर. आईने व्यवहाराची रक्कम म्हणून त्यांना साडेचार हजार पाठवले. त्यांनी ते परत पाठवले आणि लिहिलं, "हे आबांनी घेतले होते."

नोंदणीचं नूतनीकरण वेगळं. नमुना २५, मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. नूतनीकरणाचं शुल्क जुन्या दुचाकीसाठी २०२२ पासून ३०० चे १,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या दुचाकीला २,०००. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. निरीक्षकाने पुन्हा पेन्सिलचा ठसा घेतला, ब्रेक बघितले, हॉर्न वाजवायला सांगितला. हॉर्न वाजला नाही. परत गेलो, हॉर्न बसवला, परत आलो.

बरेच जण विचारतात, व्हिंटेजमध्ये नाही का बसत? जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरचं, मूळ रूपातलं वाहन. क्रमांकात व्ही-ए ही अक्षरं, नव्या नोंदणीचं शुल्क २०,०००, मुदत दहा वर्षं. पण ते वाहन रोजच्या वापराला चालत नाही. आणि मुख्य म्हणजे इथेच नोंदलेलं असेल तर त्यालाही जुनी आरसी लागतेच. तेव्हा व्हिंटेज हा कागद नसलेल्यांसाठीचा मार्ग नाही. आमची प्रिया तर अजून पन्नाशीलाही आली नाही.

आणि नोंदच सापडली नाही तर? खरं सांगतो, मग फारसं काही करता येत नाही. वहीत नाव नाही, माणूस सापडत नाही, क्रमांक जुळत नाही, अशी गाडी अंगणात ठेवा, पुसा, पण रस्त्यावर आणू नका. 'करून देतो' म्हणणारा कुणी दुसऱ्या भंगारातल्या गाडीची आरसी आणून तिचा क्रमांक तुमच्या सांगाड्यावर ठोकून देईल. ते करू नका. ती कागद असलेली गाडी होत नाही, ती पुरावा असलेला गुन्हा होते.

सध्या महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवायची सक्ती आहे. मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या. त्या निमित्ताने घरोघरी लोक आरसी शोधतायत आणि माझ्यासारख्या कित्येकांना पहिल्यांदाच कळतंय की गाडी आपली आहे पण आपल्या नावावर नाही. त्यामुळे हा भाग आत्ता केला.

आमची नवी पाटी आली. तीन अक्षरी क्रमांक तोच राहिला. जुनी हाताने रंगवलेली पाटी आईने देवघराशेजारच्या भिंतीवर टांगलीय. आरसीचं कार्ड तिने हातात घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं. तिच्या नावावर शेत नाही, घर बाबांच्या नावाचं अजून फेरफार व्हायचंय. वयाच्या बहात्तराव्या वर्षी सरकारी कागदावर मालक म्हणून तिचं नाव पहिल्यांदा आलं, तेही एका स्कूटरवर. तिला चालवता येत नाही.

महाशिवरात्रीला भाच्याने तिला मागे बसवून गडाच्या पायथ्यापर्यंत नेलं. हेल्मेट घालून. त्या ताईंना मी फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आबांची गाडी आता खरंच तुमची झाली."

तर मंडळी, तुमच्या घरातही एखादी गाडी असेल, वडिलांची, काकांची, 'नंतर नावावर करू' म्हणून राहिलेली. जुना माणूस हयात असेपर्यंत जा. फोन करा. एक सही आहे, दोन फॉर्म आहेत. उशीर केला तर तेच काम वारसांना शोधून करावं लागतं आणि दर वेळी फोनच्या पलीकडे इतकी मोठ्या मनाची माणसं भेटतील असं नाही.

पुढच्या भागात पुन्हा किल्ल्यांकडे जाऊ. तोवर आपापल्या ट्रंका उघडून बघा. उधई लागली नाही ना, ते आधी.

नमस्कार.